बरे झालेल्यांची वर्गणी

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडहून कॅन्सरच्या उपचारासाठी निघालेल्या माणसापुढच्या वाटा ठरलेल्या आहेत. आधी माजलगाव, मग अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथून पुढे बार्शी, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. तिथंही भागलं नाही तर मुंबई. मुंबईला नेलं असं कुणी म्हणत नाही, ‘टाटाला नेलं’ म्हणतात. ही बातमी गावात आली की लोकांचा आवाज उतरतो आणि कुणीतरी वही-पेन घेऊन वर्गणीला निघतं. किराणा दुकान, पतसंस्था, शाळेचे मास्तर, भावकी, मित्रमंडळ. शंभर, पाचशे, हजार. दोन-तीन दिवसांत रक्कम जमते, ती घरच्यांच्या हाती जाते आणि वही बंद होते.

हे पुस्तक त्या वहीबद्दल आहे. ती वही स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या माणसाच्या हाती आली तर काय होतं, हा त्याचा खरा विषय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. कॅन्सरसाठी पैसा गोळा करणारे पुष्कळ आहेत, पण तो नेमका कुठं कमी पडतो हे त्या वाटेनं जाऊन आलेल्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून गोळा करण्यात आणि खर्च ठरवण्यात त्याला पहिला मान हवा. सत्काराची शाल त्याला पुष्कळदा मिळते. निर्णयाची खुर्ची क्वचितच मिळते.

या विषयात नव्यानं शिरणाऱ्या वाचकासाठी थोडा मागचा इतिहास सांगायला हवा.

आपल्याकडे कॅन्सरच्या दानाची सुरुवात शोकातून झाली. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. बीड जिल्ह्यातला शेतमजूर आज त्या दारात फाईल काढू शकतो, त्याच्या मुळाशी एका कुटुंबाचं दुःख आहे. या पहिल्या परंपरेत देणारा श्रीमंत आप्त असतो आणि रुग्ण फक्त घेणारा. तिला कमी लेखायचं कारण नाही, ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसरी परंपरा डॉक्टरांची आणि स्वयंसेवकांची. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. मुंबईतल्या कॅन्सर रुग्णांची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, देशातली ती पहिली. १९६९ मध्ये वाय. के. सप्रू यांनी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी केली. रुग्णाला औषधाबरोबर अन्न, आधार आणि पुनर्वसनही लागतं, हे या संस्थेनं काम करून दाखवलं. निधी उभारायचा, तो नियमाने वाटायचा आणि त्याचा हिशेब ठेवायचा, ही शिस्त इथून आली.

तिसरी परंपरा मला सगळ्यांत जवळची, कारण तिच्यात रुग्ण स्वतः बोलू लागला. अमेरिकेत तेरेस लॅसर या बाईंनी १९५२ मध्ये स्वतःच्या स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर एक साधी गोष्ट सुरू केली. शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या बाईच्या खाटेपाशी जाऊन बसायचं, आणि हात वर कसा उचलायचा इथपासून अंगावर कपडे कसे बसतील इथपर्यंत सगळं सांगायचं. सुरुवातीला काही डॉक्टरांना हे आवडलं नाही. पुढे हीच पद्धत जगभर गेली. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः लिम्फोमातून बऱ्या झाल्यावर १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं आणि बरे झालेले लोक टाटाच्या आवारात नव्या रुग्णांशी बोलू लागले. बालपणी कॅन्सर होऊन बरी झालेली मुलं मोठी झाली आणि २००९ पासून ‘उगम’ या गटात एकत्र आली. शिक्षण, नोकरी, लग्न या वळणांवर त्यांना काय सोसावं लागतं हे ती जाहीरपणे मांडतात. बरं होणं म्हणजे गोष्ट संपणं नव्हे, हे या मुलांइतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलेलं नाही.

चौथी परंपरा धावण्याची, आणि तिचा उगम एकाच तरुणात आहे. टेरी फॉक्स या कॅनडातल्या मुलाचा उजवा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला. वॉर्डातली लहान मुलं त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात. १२ एप्रिल १९८० रोजी त्यानं देशाच्या पूर्व टोकापासून कृत्रिम पायावर धावायला सुरुवात केली. उद्देश एवढाच, की प्रत्येक नागरिकाकडून संशोधनासाठी एक डॉलर यावा. १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर झाले, मग रोग फुफ्फुसात गेल्याचं कळलं आणि तो थांबला. जून १९८१ मध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याआधी २ कोटी ४० लाख डॉलरांहून जास्त निधी जमला होता, म्हणजे त्या वेळच्या कॅनडात माणशी एक डॉलर. त्याच्या नावाच्या दौडी आजही होतात. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये संस्थांसाठी निधी गोळा करत धावणाऱ्यांच्या पाठीशी हाच विचार आहे. टेरीची धाव मला मोठी वाटते ती किलोमीटरांमुळे नव्हे. पैसा कशासाठी हवा, हे त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

मोठ्या नावांची गोष्ट जरा वेगळी. युवराज सिंगनं २०११ चा विश्वचषक जिंकून दिला, पुढे अमेरिकेत केमो घेतली आणि २०१२ मध्ये परतल्यावर ‘यूवीकॅन’ सुरू केलं. मैदानात परतलेला तो खेळाडू पाहून कित्येक घरांतला ‘कॅन्सर म्हणजे संपलं’ हा समज ढिला झाला. शरद पवारांनी २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करून घेतली आणि नंतर गुटखा-तंबाखूबद्दल स्वतःचं उदाहरण देऊन जाहीरपणे बोलत राहिले. गावात भाषणापेक्षा अशा उदाहरणाचं वजन जास्त पडतं. पण लान्स आर्मस्ट्राँगचंही विसरून चालणार नाही. कॅन्सरमधून उठून त्यानं १९९७ मध्ये संस्था काढली, तिचे पिवळे मनगटी पट्टे जगभर गेले, आणि २०१२ मध्ये उत्तेजकांचं प्रकरण उघड झाल्यावर त्याला संस्थेतून बाहेर पडावं लागलं. संस्थेला त्याचं नाव टाकून नव्यानं उभं राहावं लागलं. एका माणसाच्या पुण्याईवर निधी उभा केला की त्या माणसाबरोबर तो पडूही शकतो. दिंद्रुडसारख्या गावातही हे लागू आहे.

शेवटची परंपरा मोबाइलची. मिलाप, केट्टो, इम्पॅक्टगुरू अशा मंचांवरून गेल्या पंधरा वर्षांत उपचारांसाठी पैसा उभा राहू लागला. अनेक जीव त्यातून वाचले, हे मान्य. पण ज्याला इंग्रजीत कहाणी लिहिता येते आणि ज्याच्या ओळखीत पैसेवाले आहेत, त्याचीच झोळी तिथं लवकर भरते. शिवाय नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो हजारो मोबाइलवर फिरतो. तो मुलगा बरा होऊन कॉलेजात जातो, तेव्हाही तो फोटो फिरतच असतो. बऱ्या झालेल्या कुणालाही विचारा, आपला असा फोटो त्याला नको असतो. या बाबतीत मी गावच्या वहीच्या बाजूनं आहे. तिच्यात नाव असतं, रक्कम असते, चेहरा नसतो.

आता पैसा नेमका कुठं अडतो ते पाहू. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली. तिच्यातून कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि शेक (म्हणजे किरणोपचार) यांचा रुग्णालयातला खर्च निघतो. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, रेशनकार्ड आणि आधार दाखवलं की कागद पुढे सरकतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. मग गावानं जमवलेल्या वर्गणीची गरज काय, असं कुणी विचारेल.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला बहुधा पंचवीस वेळा शेक घ्यावा लागतो, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे पाच आठवडे. शिवाय आतून द्यायचा शेक वेगळा. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा तीस वेळा, म्हणजे सहा आठवडे. यंत्राखाली रोज दहा-पंधरा मिनिटं जातात आणि ती योजनेत बसतात. उरलेला सगळा दिवस योजनेत बसत नाही. राहायचं कुठं, खायचं काय, सोबत आलेल्या माणसाचा रोज बुडाला त्याचं काय, घरी मागे राहिलेल्या पोरांना आणि म्हशीला कोण बघतं. तोंड सोललेलं असताना भाकरी गिळत नाही, पातळ खाऊ घालावं लागतं. धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फुटपाथ. तिसऱ्या आठवड्यात अंग जरा बरं वाटतं, पैसे संपतात, आणि माणूस ‘आता बरंय’ म्हणत गावी परततो. अर्धवट सोडलेला शेक पुन्हा तसा सुरू करता येत नाही. वर्गणीचे लाख रुपये पहिल्या आठ दिवसांतच खाजगी तपासण्यांत आणि भाड्याच्या जीपमध्ये गेलेले असतात. शेवटच्या पंधरा दिवसांसाठी लागणारे पाच-सात हजार कुणाकडे नसतात. बरा झालेला माणूस वर्गणीची वही हातात घेतो तेव्हा तो आधी याच पंधरा दिवसांचे पैसे बाजूला काढतो.

कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत, हेही तोच सांगतो. एसटीतही सवलत आहे. रुग्णालयाचा कागद आधी मिळवावा लागतो आणि पहिल्या फेरीत तो कुणाला मिळालेला नसतो. कुणी सांगितलं नाही म्हणून पुढच्या फेऱ्याही पूर्ण भाडं भरूनच होतात.

राहण्याच्या प्रश्नाला महाराष्ट्रात जुनं उत्तर आहे. गाडगेबाबांनी गावोगावी धर्मशाळा बांधल्या आणि एकीवरही स्वतःची मालकी ठेवली नाही. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही परळच्या रुग्णालयांत आलेल्या गोरगरिबांना आसरा देते. मुलांसाठी २००६ मध्ये सेंट ज्यूड केंद्रं सुरू झाली. घर, स्वयंपाकघर आणि वाहन मोफत मिळालं की कुटुंबं उपचार सोडत नाहीत, ही त्यांची सरळ भूमिका. कॅन्सरच्या दानाची इतकी रूपं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की यंत्राला दिलेल्या रुपयाइतकंच खोलीला आणि जेवणाला दिलेल्या रुपयाचं मोल आहे. आमच्यासारख्या दूरच्या जिल्ह्यात तर कांकणभर जास्तच.

बीड जिल्ह्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती लपवून हे पुस्तक काढण्यात अर्थ नव्हता. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल अंगावर असते, एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, हे बाई फडात कुणाला सांगणार? ती गप्प राहते. आणि दवाखान्यात गेलीच तर काही ठिकाणी तिला भीती घातली गेली, की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारनं सांगितलं की जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांत पंचवीस-तिशीतल्या बायका होत्या. कॅन्सरची भीती इथं पैसा काढायला वापरली गेली, आणि त्याच जिल्ह्यात खरा कॅन्सर झालेल्या बाईला उशिरानं निदान मिळतं. या दोन्हींवर एकच उतारा आहे, खरी माहिती, आणि ती सांगणारं विश्वासाचं माणूस.

असं माणूस काय करू शकतं याचा पुरावा आमच्या शेजारीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानं १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत कॅन्सरची नोंदणी सुरू केली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. कार्यकर्ते गावोगावी जाऊन बसत, बायकांशी बोलत, लक्षणं असणाऱ्यांना तपासणीला पाठवत. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आता आधीच्या टप्प्यातच सापडू लागला आहे. महागडं यंत्र आलं नव्हतं, बोलणं सुरू झालं होतं. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचं त्यातून जगाला कळलं. ज्या गटाला तपासणी दिली नव्हती त्याच्याबद्दल नंतर नैतिक प्रश्न विचारले गेले आणि ते योग्यच होते. पण निष्कर्ष आपल्याच मातीतल्या बायकांनी दिला आहे, आणि त्याचा फायदा आपल्याच बायकांना सगळ्यांत उशिरा मिळावा, हे मला सहन होत नाही. गोळा केलेल्या पैशातला काही भाग अशा तपासणी शिबिरांसाठी ठेवावा, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी आहे.

तोंडाच्या कॅन्सरचंही तेच. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. पुरुष तंबाखू-चुना मळतात, बायका मिसरी लावतात. तिखट झोंबायला लागलं, तोंडात तीन बोटं जाईनाशी झाली, तरी माणूस वर्ष काढतो. जबड्याचा भाग काढलेला माणूस पारावर बसून, अडखळत का होईना, स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा पुड्या खिशातच राहतात. त्याचं हे बोलणंही दानच आहे आणि त्याला पावती फाडावी लागत नाही.

पावतीचं निघालंच म्हणून हिशेबाविषयी. नोंदणी नसलेल्या गटानं धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं ती घेतात, कॅन्सरसाठी वही घेऊन निघणारे सहसा घेत नाहीत. रुग्णाच्या नावावर जमलेल्या रकमेतून उरलं तर काय करायचं, रुग्ण दगावला तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवलेलं नसतं आणि मग भावकीत भांडणं लागतात. आजारातून उठलेल्या माणसावर लोक पटकन विश्वास टाकतात, म्हणूनच त्यानं हिशेब इतरांपेक्षा काटेकोर ठेवला पाहिजे. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. रुग्णाचं नाव मात्र फळ्यावर लागता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात, आणि कशा साधायच्या ते पुढे तपशिलानं दिलं आहे.

हे पुस्तक म्हणजे यशोगाथांचा संग्रह नाही. यात काही लिखाण बरे झालेल्यांचं आहे, काही त्यांच्या घरच्यांचं, ज्यांचं माणूस वाचलं नाही तरी जे या कामात राहिले त्यांचंही आहे. ते मुद्दाम ठेवलं आहे. ‘लढला म्हणून जिंकला’ असं म्हटलं की गेलेला माणूस कमी लढला असा अर्थ निघतो, आणि तो अन्याय आहे. टेरी फॉक्स गेला, कमी धावला म्हणून नाही. कॅन्सर वेळेवर सापडणं, उपचार पूर्ण होणं आणि रोगाचा प्रकार, यांवर बरंच काही ठरतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी वर्गणीच्या वहीच्या आवाक्यात आहेत. पुस्तकानं तेवढंच काम हाती घेतलं आहे.

प्रत्येक बऱ्या झालेल्या माणसानं समाजासाठी काही केलंच पाहिजे, असं ओझंही इथं कुणावर टाकलेलं नाही. उपचार संपल्यावर कित्येकांना फक्त आपल्या शेतात परत जायचं असतं, त्या वॉर्डाचं नावही नको असतं. तो त्यांचा हक्क आहे. ज्यांना पुढे यावंसं वाटतं त्यांना गावानं जागा द्यावी, एवढीच मागणी.

पुस्तक वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नका. तुमच्या गावात, गल्लीत कुणी उपचाराला निघालं असेल तर वर्गणी सुरू करण्याआधी त्याच वाटेनं जाऊन आलेल्या एखाद्याला गाठा आणि त्याला दोनच गोष्टी विचारा: तुमचे पैसे कितव्या आठवड्यात संपले, आणि तेव्हा तुम्हाला काय लागत होतं. त्याचं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग वर्गणीला निघा.